नळी कुणी फोडली?

गावजत्रेतली पंगत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नळीवरून होणारे भांडण ठाऊक असते. बकऱ्याच्या पायाची पोकळ नळी ताटात आली की मुले ती ताटावर आपटतात, नाहीतर सरळ तोंडाला लावून आतला गर ओढतात. हा गर म्हणजे अस्थिमज्जा. तिच्यात चरबी भरपूर असते. तो ओढता यावा म्हणून नळीचे टोक आधीच सत्तुराने उडवलेले असते. हे काम कुणीतरी केलेले असते. पण जेवताना आपण त्या ‘कुणीतरी’चा विचार करत नाही.

पुरातत्त्वज्ञाला मात्र नेमका हाच प्रश्न पडतो. मातीतून निघालेले हाड हातात आले की तो विचारतो, हे कुणी फोडले? माणसाने, कुत्र्याने, की वरून चाललेल्या गुरांच्या खुरांनी? माणसाने फोडले असेल तर कशाने आणि कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे बरेचदा हाडावरच लिहिलेली असतात. ती कशी वाचतात हे पाहू. त्यासाठी आपल्याला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या फार बाहेर जायला नको.

प्रवरेकाठच्या वस्त्या

संगमनेरहून प्रवरेच्या काठाने खाली निघालो तर वाटेत जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही तीन ठिकाणे लागतात. जोर्वे येथे १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली भांडी मिळाली. पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात इतरत्र सापडत गेली आणि त्या काळच्या शेतकरी वस्त्यांना ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. नेवासे येथे १९५४ पासून उत्खनन झाले. दायमाबादचे पांढरीचे टेकाड १९५८ साली उजेडात आले आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी त्याचे मोठे उत्खनन केले.

साधारण तीन-सव्वातीन हजार वर्षांपूर्वी या वस्त्यांतले लोक शेती करीत, गुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळीत. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मीळ होते. रोजची कापाकापी कॅल्सेडनीसारख्या गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या लांबट पात्यांनी चाले. ही पाती बोटाएवढी, पण धार अशी की कातडे सहज फाटावे.

या लोकांच्या खाण्याविषयीची सर्वांत तपशीलवार माहिती जिल्ह्याच्या सीमेपलीकडून, शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावहून मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील जनावरांच्या हाडांत गाईबैलांची हाडे सर्वाधिक आहेत. त्याखालोखाल शेळ्यामेंढ्या आणि जोडीला हरणांसारखी शिकार. कित्येक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही भाजून काळी पडली आहेत. म्हणजे ही जनावरे केवळ मेली नव्हती. ती मारली, कापली आणि खाल्ली गेली होती. आज महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आणि बैलाची २०१५ च्या दुरुस्तीने बंद आहे. पण आजच्या रीतीवरून कालच्या माणसांचे ताट ठरवता येत नाही. ते हाडे पाहूनच सांगावे लागते.

हाड वाचायचे कसे?

दगडी पात्याची खूण भिंगाखाली पाहिली तर ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी, तळाशी निमुळती घळ दिसते. घळीच्या आत तिच्याच दिशेने गेलेल्या बारीक रेघा असतात, कारण दगडाची धार सूक्ष्मदर्शकाखाली सरळ नसते. कुत्र्याच्या किंवा लांडग्याच्या दाताची खूण ‘यू’ अक्षरासारखी रुंद व गुळगुळीत असते, आणि हाडाची मऊ टोके चघळून गेलेली असतात. खुरांखाली तुडवल्या गेलेल्या हाडावरचे ओरखडे उथळ असतात आणि वाटेल त्या दिशेने जातात.

खुणेच्या आकाराइतकीच तिची जागाही बोलते. कातडे सोलणाऱ्याची सुरी हाडाला लागते ती जेथे मांस नसते तेथे, म्हणजे पायाच्या खालच्या भागावर किंवा जबड्याशी. सांधे सोडवणाऱ्याच्या खुणा हाडाच्या टोकांभोवती आडव्या पडतात. मांस उतरवणाऱ्याच्या खुणा हाडाच्या मधल्या दांड्यावर दिसतात. एकाच पायाच्या हाडांवरून पहिले काम कोणते, दुसरे कोणते, तिसरे कोणते हे असे क्रमाने सांगता येते.

आता नळी. ताज्या हाडात ओलावा आणि प्रथिनांचे तंतू असतात. त्यामुळे ते फोडले तर तडा नागमोडी, पीळ घेत जातो आणि कडा धारदार राहतात. वाळलेले हाड खडूसारखे आडवे मोडते. पीळदार तडा आणि त्याजवळ आघाताची खोक दिसली की समजावे, कुणीतरी ताजे हाड मुद्दाम फोडले आहे. बहुतेकदा मज्जेसाठीच. जत्रेतल्या पोराची आणि जोर्वे काळातल्या माणसाची आवड अगदी एक आहे.

जनावराचे वयही कळते. घोडेगावच्या बाजारात बकरे घेणारा आधी त्याचे ओठ उचकून दात पाहतो. दुधाचे दात असतील तर अदत. साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास पुढचे दोन पक्के दात आले की दोन दाती. मग चार दाती. संशोधकही जबड्याचे हाड घेऊन हेच करतो. शिवाय कोवळ्या जनावराच्या लांब हाडांची टोके दांड्याला कूर्चेने जोडलेली असतात. वाढ पुरी झाली की ती सांधली जातात. कोवळ्या बकऱ्याचे मटण शिजले की हाडाचे टोक सुटून वेगळे येते, ते यामुळेच. कळपातले नर लहानपणीच कापले गेले आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत जगल्या असे हाडांवरून दिसले, तर नर मांसासाठी आणि माद्या दुधा-पिलांसाठी ठेवत असे अनुमान निघते. संगमनेरी शेळ्या पाळणारा शेतकरी आजही बोकड विकतो आणि शेळी ठेवतो.

सुरीखालचे शास्त्र

हाडावर न उमटणारी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष मारण्याचा क्षण. हलाल पद्धतीत गळ्याच्या पुढल्या बाजूने श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका फेऱ्यात कापतात. मज्जारज्जू तोडत नाहीत. झटका पद्धतीत एका घावात मान वेगळी करतात. शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूला होणारा रक्तपुरवठा जवळजवळ सर्व गळ्यातल्या रोहिण्यांतून होतो. त्या पुरत्या कापल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्यानंतरही पाय झाडले जातात, पण ती स्नायूंची आपोआप होणारी हालचाल असते. गाईबैलांत मानेच्या मणक्यांतून जाणारी वाहिनीही मेंदूला रक्त पुरवते, म्हणून त्यांची शुद्ध जायला अधिक वेळ लागू शकतो. सुरी बोथट असेल किंवा हात कचरला तर हे सेकंद वाढतात. सुरीला धार लावण्यावर जुने लोक इतका भर देत, त्यात कौशल्याइतकीच दयाही आहे.

मेलेला स्नायू लगेच ‘मांस’ होत नाही. रक्त थांबले की प्राणवायू थांबतो. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होत जाते आणि सामू सुमारे ७ वरून साडेपाचच्या आसपास उतरतो. ऊर्जा पुरवणारे एटीपी संपले की स्नायूंचे तंतू एकमेकांत अडकून बसतात. हीच मरणोत्तर ताठरता. पुढे स्नायूंतलीच विकरे तंतू सैल करतात व मांस पुन्हा मऊ होते. शीतगृह नसलेल्या गावात एवढी वाट पाहणे शक्य नसते; म्हणून बकरे कापल्यावर तासा-दोन तासांत, ताठरता येण्याआधीच, ते चुलीवर चढते.

कापण्यापूर्वी जनावर पळवून दमवले, घाबरवले किंवा उपाशी दूरवर चालवले तर ग्लायकोजेन आधीच खर्च होते. मग पुरेसे आम्ल तयार होत नाही. मांस गडद व चिकट राहते आणि लवकर नासते, कारण आम्लामुळे जंतूंना बसणारा आळा उरत नाही. जाणता खाटीक जनावराला विसावा देतो, पाणी पाजतो. त्यामागचे रसायनशास्त्र हे असे.

सोलण्याची रीतही पाहण्यासारखी. जनावर टांगून, पायाशी लहान चीर देऊन, कातडे आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालत ते सुटे करतात. सुरी कमीत कमी लावतात. त्यामुळे कातड्याला भोक पडत नाही. पुढे सांधा नेमका कोठे उघडतो हे हाताला ठाऊक असते. हे प्राण्याच्या शरीररचनेचे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही, पण कमी अचूकही नाही.

कुत्र्याला टाकलेला फोपसा

घरी बकरे कापले की मुलांना पोटातले सगळे दिसते: वजडी, काळीज, फोपसा, तिल्ली. कधी काळजावर किंवा फोपशावर पाण्याने भरलेले फुगे दिसतात. ते कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या एका पट्टकृमीच्या अळीचे घर असते. असा फोपसा आपण ‘खराब निघाला’ म्हणून कुत्र्यापुढे टाकतो आणि कृमीचे काम करून देतो. कुत्र्याच्या पोटात अळ्यांचे कृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, भाजीवर, मुलांच्या हातावर येतात. माणसाच्या पोटात ती गेली तर तसेच फुगे माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात वाढतात. लक्षात घ्या, हा रोग मटण खाल्ल्याने होत नाही; अंडी पोटात गेल्याने होतो. खराब अवयव खोल पुरणे किंवा जाळणे हा सोपा उपाय आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपोआप, अचानक मेलेले जनावर कधीही कापू नये. काळपुळी किंवा फाशी या रोगाने मेलेल्या जनावराचे शरीर उघडले की जंतूंना हवा मिळते आणि त्यांचे बीजाणू तयार होतात. ते मातीत कित्येक वर्षे टिकतात, आणि कापणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. कत्तलखान्यांसाठी २००१ साली केलेल्या केंद्रीय नियमांत पशुवैद्याची तपासणी आवश्यक ठरवली आहे. गाभण जनावर किंवा तीन महिन्यांच्या आतील पिलू कापण्यास आणि एका जनावरासमोर दुसरे कापण्यासही त्यात मनाई आहे.

सुरी कुणाच्या हाती?

खाणाऱ्यानेच मारायचे ही रीत आपल्याकडे पूर्णपणे कधी होती का? कोंबडी घरोघरी कापली जाई. बकऱ्यासाठी मात्र गावगाड्यात मुलाणी होता. हिंदू घरच्या जत्रेतल्या किंवा कंदुरीच्या बकऱ्यावरही सुरी तोच फिरवी आणि त्याबद्दल त्याला ठरलेला वाटा मिळे. सोलणे, तुकडे करणे, शिजवणे यांत घरची-भावकीची माणसे असत. म्हणजे प्राण घेण्याची जबाबदारी एका माणसाकडे सोपवली जाई, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पार पडे. आता शहरात दुकानातून पिशवी येते, तेव्हा तो माणूसही दिसत नाही.

न दिसण्याचे दोन परिणाम होतात. एक, ज्ञान काही थोड्या हातांत उरते. दुसरा अधिक वाईट. क्रूर माणसाला आपण सहज ‘खाटीक’ म्हणतो आणि रविवारी त्याच्याच दुकानापुढे रांग लावतो. मांस खावे की न खावे हा ज्याचा त्याचा विचार आहे आणि दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. पण खाणाऱ्याने मारणाऱ्याला हीन समजावे, याला कोणत्याच बाजूने आधार नाही.

वर्गात काय करता येईल?

ज्यांच्या घरी मांसाहार होतो आणि ज्यांची इच्छा आहे, अशाच विद्यार्थ्यांना शिजलेल्या बकऱ्याची हाडे घरून आणायला सांगावे. कुणावर सक्ती नको. न खाणाऱ्या घरच्या मुलांनी चित्रांवरून काम करावे. हाडे धुण्याच्या सोड्यात उकळून, धुऊन, उन्हात वाळवावीत. मग भिंगाखाली पाहावे. सत्तुराचा घाव कोणता, सुरीची रेघ कोणती? टोक सांधले आहे की सुटे आहे? बकरे कोवळे होते की जून? एखादे हाड कुत्र्याने चघळलेले मिळाले तर ते शेजारी ठेवावे. शेवटी हात साबणाने धुवावेत.

आणखी एक करता येईल. वर्गात खाटकाचा, मुलाण्याचा किंवा धनगराचा मुलगा वा मुलगी असेल आणि त्या घरची तयारी असेल, तर वडिलांना एक तास बोलवावे. सांधा कसा शोधतात, वय कसे ओळखतात, आजारी जनावर कसे पारखतात, हे त्यांना विचारावे. आपल्या वडिलांना फळ्यापुढे उभे राहून शिकवताना पाहणे हा त्या मुलासाठी वेगळाच धडा असेल. उरलेल्या वर्गासाठीही.