रंग बदललेली गोळी काय सांगते?

लोहाच्या गोळीचा रंग ही केवळ सजावट नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी, किशोरवयीनांसाठी निळी आणि गर्भवती व स्तनदा मातांसाठी लाल गोळी ठरवून देण्यात आली. गुलाबी गोळीत ४५, तर निळ्या आणि लाल गोळीत प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळीवर तपकिरी डाग पडले वा रंग विटला, तर ओळख पटणे कठीण होते आणि ती घेणाऱ्याचा विश्वासही डळमळतो. हे डाग येतात कोठून आणि कारखान्यात ते टाळतात कसे?

दोषाचे मूळ बहुधा गोळीच्या गाभ्यात असते. लोहाच्या गोळ्यांत सर्रास वापरला जाणारा क्षार म्हणजे फेरस सल्फेट. ओलावा मिळाला की हवेतील प्राणवायूमुळे त्याचे पिवळट-तपकिरी फेरिक संयुगांत रूपांतर होऊ लागते. ओलाव्यापासून गाभ्याचे रक्षण करण्यासाठी साखरेचे आवरण असते खरे. पण ते चढवले जाते पाण्यात केलेल्या पाकानेच. म्हणजे रक्षकच घरभेदी ठरण्याची भीती!

म्हणूनच पाकाआधी गाभ्यावर शेलॅकसारख्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या, जलरोधक पदार्थाचा थर देतात. त्यानंतर फिरत्या पात्रात घोळणाऱ्या गोळ्यांवर थोडा थोडा पाक सोडायचा, उबदार हवेने तो वाळवायचा आणि मगच पुढचा थर द्यायचा, असा क्रम असतो. येथे घाई झाली तर ओल आत मुरते. गोळी कारखान्यातून निर्दोष दिसत बाहेर पडते आणि डाग पुढे साठवणुकीत उमटतात.

रंगाची निवडही तितकीच महत्त्वाची असते. पाण्यात विरघळणारा रंग थर वाळताना पाण्याबरोबर सरकतो आणि गोळी ठिपकेदार होते. न विरघळणारी रंगद्रव्ये जागच्या जागी राहतात. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या द्रव्याने आवरण अपारदर्शक होते. मात्र असा थर डाग झाकतो, गाभ्यातील बिघाड थांबवत नाही. त्यामुळे निव्वळ रंगरूपावर विसंबून चालत नाही. नमुने ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवून औषधाचे प्रमाण आणि स्वरूप तपासले जाते.

कारखान्याबाहेरची जबाबदारी आपली. गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरू नयेत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळची दमट जागा टाळावी. डाग पडलेली गोळी घेऊ नये. ती औषधविक्रेत्याला किंवा आरोग्य केंद्रात दाखवून बदलून घ्यावी. परंतु गोळी बदलायची असते, उपचार सोडायचा नसतो.