पाण्यात मुरलेला चुना

चुना लावणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथ बंदराबाहेर मात्र एकाने असा चुना लावला, की फसल्या त्या लाटा.

प्लिमथपासून वीसेक किलोमीटरवर, भर समुद्रात एडिस्टोन नावाचे खडक आहेत. भरतीला ते जवळपास पाण्याखाली जातात, म्हणून जहाजांचे वैरी. तिथे पहिले दीपगृह उभारले हेन्री विन्स्टनलीने, १६९८ मध्ये. आपल्या कामावर त्याचा एवढा भरवसा, की मोठ्यात मोठ्या वादळात तिथे असावे अशी त्याची इच्छा होती म्हणतात. नोव्हेंबर १७०३ मध्ये ती पुरी झाली. वादळानंतर ना दीपगृह दिसले, ना विन्स्टनली.

दुसरे, रडयर्डचे, बाहेरून लाकडी. जवळजवळ अर्धे शतक टिकले आणि १७५५ मध्ये वरून पेटले. राखणदार हेन्री हॉलचे वय तेव्हा ९४ होते असे सांगतात. तो खालून बादल्यांनी पाणी फेकत होता आणि वर छपराचे शिसे वितळत होते. आ वासून वर बघताना ते घशात गेले, असे तो सांगत राहिला, कुणाला पटेना. बाराव्या दिवशी तो गेला, तेव्हा डॉक्टरला त्याच्या पोटात शिशाचा गोळा सापडला, दोनशे ग्रॅमच्या आसपासचा. एडिंबरोच्या संग्रहालयात तो आजही आहे. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण ऐकत आलो; हे शिसे भलत्याच पायाभरणीला गेले.

मग तिसरे दीपगृह बांधायला आला जॉन स्मीटन. मूळचा उपकरणे बनवणारा. इमारतीच्या आधी तो चुन्याच्याच मागे लागला. ठिकठिकाणच्या चुनखडीचा चुना मळायचा, गोळा करायचा, पाण्यात सोडायचा आणि बघायचे: विरघळतो की धरतो? जितका दगड कठीण तितका चुना पक्का, अशी तेव्हाची समजूत. गोळ्यांनी ती खोटी ठरवली. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश, तिचाच चुना पाण्याखाली घट्ट होत होता. वेल्समधल्या अ‍ॅबरथॉचा असा चुना आणि इटलीतली ज्वालामुखीची माती निम्मीनिम्मी मिसळून त्याने आपला मसाला ठरवला. पुढच्या सिमेंटची वाट इथून गेली.

दगडही नुसते एकावर एक रचलेले नव्हते. बाहेर ग्रॅनाइट, आत पोर्टलंडचा दगड, आणि प्रत्येक चिऱ्याला अशा खाचा की तो शेजाऱ्यात गुंतून बसावा. तळचे थर खुद्द खडकात कोरलेल्या पायऱ्यांत अडकवलेले. थर सरकू नयेत म्हणून मध्ये संगमरवरी खुंट्या. खाली रुंद, वर निमुळता हा आकार त्याला ओक वृक्षाच्या बुंध्यावरून सुचला. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दिवा लागला. दिवा म्हणजे चोवीस मेणबत्त्या! एवढा सगळा खटाटोप चोवीस मेणबत्त्या विझू नयेत म्हणून.

शंभराहून अधिक वर्षे मनोरा हलला नाही. हलू लागला तो खडकामुळे. समुद्राने बुरूज सोडून पायाखालचा खडक पोखरला आणि मोठ्या लाटेसरशी मनोरा थरथरू लागला. जेम्स डग्लसने शेजारच्या खडकावर नवा मनोरा बांधला, तो १८८२ मध्ये उजळला. जुना पाडायचा होता. प्लिमथकरांनी वर्गणी काढून तो वाचवला. वरचा भाग उतरवून किनाऱ्यावर आणला, 'हो' नावाच्या टेकाडावर नव्या जोत्यावर पुन्हा रचला आणि १८८४ मध्ये तो खुला झाला. आज लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हा मनोरा शहराची खूण आहे. तिकीट काढून अरुंद शिड्यांनी दिव्यापर्यंत जाता येते.

माझी तक्रार एवढीच, की जतन झाले ते खोल्यांचे आणि दिव्याचे. स्मीटनची खरी करामत तळाच्या भरीव भागात होती, आणि तो हलवण्याइतका सुटाच होईना. तो तिथेच सोडून द्यावा लागला. डग्लसच्या मनोऱ्यातले राखणदारही १९८२ मध्ये गेले, दिवा आपोआप चालतो. हवा स्वच्छ असेल तर 'हो'वरून क्षितिजावर त्या मनोऱ्याची बारीक रेघ दिसते. दुर्बीण असेल तर तिच्या शेजारी काळा खुंटही दिसतो.