कोपीतल्या लेकराचं मन



दसरा-दिवाळी झाली की आपल्या कार्यक्षेत्रात टोळ्या उतरू लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून नवरा-बायकोची जोडी एका कोयत्याला येते. बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते आणि आपण सारे टनेज, उतारा, तोडणीची पाळी यांच्या हिशेबात गुंततो. त्या हिशेबात एक आकडा कधी मांडला जात नाही. तो म्हणजे कोयत्याबरोबर आलेल्या लेकरांचा.

गेल्या हंगामात आम्ही एका दुपारी गाडीतळावर गेलो होतो. मोठी माणसं फडात होती. एका कोपीपुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या भावाला सांभाळत बसली होती. "शाळेत का जात नाहीस गं?" म्हणून विचारलं, तर ती बोलेना. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणाली, "दोन दिस गेली व्हती साहेब. तिथली पोरं तिच्या बोलण्याला हासतेत. तवापासून रोज सकाळी पोट दुखतंय म्हणती."

पोटाचं औषध देऊन झालं होतं, गुण नव्हता. मुलगी खोटं बोलत होती असं मुळीच नाही. पोट खरंच दुखत होतं, पण दुखण्याचं मूळ पोटात नव्हतं.

मोठ्या माणसाला 'मला भीती वाटते' असं सांगता येतं. लेकराला ते सांगता येत नाही. मग कुणाचं डोकं दुखतं, कुणी रात्री अंथरूण ओलं करतं, कुणी झोपेत दचकतं, कुणी वर्गात एक शब्द बोलत नाही, तर कुणी उगाच मारामाऱ्या करतं. मास्तर म्हणतात ढ आहे, आई-बाप म्हणतात हट्टी आहे. त्या लेकराचे दिवस कसे जातात ते पाहिलं तर नवल वाटत नाही. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. रात्री भरणी असली तर पोरं एकटी झोपतात. कोपीला दार नाही, भोवती ऊस, सापाचं आणि काही भागांत बिबट्याचं भय. गावाकडचे सवंगडी, आजी, ओळखीचे मास्तर सगळे मागे राहिलेले. आणि हे एकदाच नव्हे, दर वर्षी.

स्थलांतर काही आपल्याकडेच होत नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात मेक्सिको आणि आसपासच्या देशांतून आलेल्या कुटुंबांची पुष्कळ मुलं सरकारी शाळांत आहेत. त्यांतल्या अनेकांनी मारहाण, हिंसाचार डोळ्यांनी पाहिलेला. आई-बाप मजुरीत अडकलेले, भाषेची अडचण. दवाखान्यात कोण नेणार? तेव्हा तिथल्या शाळाखात्याने आणि विद्यापीठातल्या डॉक्टरांनी उलटा विचार केला. मूल दवाखान्यात जात नाही, तर उपचारच शाळेत आणावा. तिसरी ते आठवीच्या, नव्याने आलेल्या मुलांचे छोटे गट केले. शाळेतल्याच समाजसेवकांनी त्यांच्या स्पॅनिश भाषेत आठ बैठका घेतल्या. भीती वाटली की अंगात काय होतं, श्वास कसा संथ करायचा, मनात येणारा वाईट विचार खरा आहे का हे कसं तपासायचं, हे शिकवलं. आई-बापांना आणि शिक्षकांनाही समजावून सांगितलं. त्याचा अहवाल 2003 साली प्रसिद्ध झाला. मुलांची भीती आणि उदासी कमी झाली होती. फार नव्हे, बेताचीच. पण कमी झाली.

यातली आपल्या कामाची गोष्ट साधी आहे. मूल जिथं रोज येतं तिथं, त्याच्या बोलीत, ओळखीच्या माणसाने धीर दिला तर तो लागू पडतो. आपल्याकडे तर भाषाही एकच, मराठी! फक्त आपण 'हसत्यात' म्हणतो आणि ती लेकरं 'हासतेत' म्हणतात. एवढ्या फरकाने एखादं पोर शाळा सोडत असेल तर दोष त्याच्या बोलीचा नाही.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. गाव बदललं तर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्कही त्यातच आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. वर्गात 'ऊसतोड्याचं पोर' म्हणून हिणवणं कशात मोडतं, ते प्रत्येकाने ठरवावं.

लेकरं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं झाली. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आली. हे चांगलंच आहे. पण मागे ठेवायला जीव धजत नाही, म्हणून आई-बाप लेकरांना घेऊन येतातच. त्यातही फरक आहे. गाडी सेंटरची टोळी हंगामभर एका तळावर असते. तिथलं मूल चार महिने एका शाळेत रुळू शकतं. डोकी सेंटरची टोळी ट्रकबरोबर गावोगाव फिरते. ते पोर शाळेत बसतं न बसतं तोच तळ हलतो. म्हणून तळ हलण्याआधी स्लिपबॉयने पुढच्या गावच्या शाळेला नुसता निरोप दिला, तरी त्या पोराची वाट पाहणारं कुणीतरी तिथं असेल.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. आधी भावाची सोय लागली. अंगणवाडीच्या ताईंनी त्याला घेतलं. नाहीतर ती शाळेत जाणार कशी? मग गावातल्या एका सभासदाची मुलगी रोज तळावर जाऊन तिला हाक मारू लागली. वर्गातल्या बाईंनी तिला पहिल्या ओळीत बसवलं. चारचौघांत काही विचारलं नाही, चित्रं काढायला दिली. एकदा तिच्या गावाकडचे शब्द सगळ्या वर्गाला वहीत लिहायला लावले. पोटदुखी पार थांबली असं आम्ही लिहिणार नाही. पण पट्टा पडेपर्यंत ती येत होती आणि शेवटी शेवटी मोठ्याने वाचतही होती.

यात कुठं मोठा खर्च झाला? म्हणून येत्या हंगामाआधी आमची सभासदांना विनंती आहे. टोळी उतरली की तळावर किती लेकरं आहेत ते मोजा आणि मुख्याध्यापकांना कळवा. शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसं असतात. त्यांनी प्रवेशाला नन्नाचा पाढा लावू देऊ नये. आपल्या पोरांना घरी दोन शब्द सांगा. जे लेकरू आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतं, त्याला भगताकडे नेऊ नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही सल्ला मिळतो.

हे सारं केलं तरी मजुरी, उचल, कोपी हे प्रश्न उरतातच; ते आपल्याला वेगळे सोडवावे लागतील. पण त्यांची वाट पाहत लेकराचं बालपण थांबत नाही. सहकाराने आपल्या मुलांसाठी शाळा-कॉलेजं उभी राहिली, त्याचा आपल्याला अभिमान आहे. ज्यांच्या कोयत्यावर तो सहकार चालतो, त्यांच्या लेकरांना त्याच शाळेत एक बाक आणि एक गोड शब्द मिळावा, एवढंच मागणं.