धडा अवघड की यंत्र अवघड?

फळ्यावर गणित सोडवायला बाईंनी बोलावले, की तुम्ही खडू उचलता आणि लिहू लागता. खडू कसा धरावा, लिहिलेले कसे पुसावे, हे वेगळे शिकावे लागत नाही. सारे लक्ष गणितात असते. आता तेच गणित मोबाइलच्या पडद्यावर सोडवायचे आहे, अशी कल्पना करा. प्रथम परवलीचा शब्द, मग इयत्ता, मग विषय, मग प्रकरण. प्रश्न एका पानावर आणि त्याची आकृती दुसऱ्या पानावर. उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवावे, तर कळफलक वर येऊन प्रश्नच झाकून टाकतो. कसेबसे उत्तर लिहून तुम्ही ‘पाठवा’ ही कळ दाबता आणि काहीच होत नाही. उत्तर पोचले की नाही? पुन्हा दाबावे काय? पुन्हा दाबले तर दोनदा जाईल काय?

एवढ्या खटाटोपात गणित कोठे राहिले?

हा प्रश्न थट्टेचा नाही. आपले मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली होती. पुढील संशोधकांनी ती चारच्या आसपास आणली. संख्या कोणतीही घ्या, जागा थोडी आहे हे खरे. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून शिक्षणाच्या बाबतीत हाच विचार पुढे नेला. मागच्या पानावरची आकृती डोक्यात ठेवून पुढच्या पानावरचा प्रश्न वाचायचा असेल, तर मनातली काही जागा त्या आकृतीनेच अडवलेली असते. विचाराला उरते ती बाकीची जागा. भूमितीचे पुस्तक घेऊन हे स्वतःच करून पाहा. एक प्रमेय आकृती समोर ठेवून वाचा आणि दुसरे आकृतीचे पान पुन्हापुन्हा उलटत वाचा. फरक लगेच जाणवेल.

एखादे साधन वापरताना काम नीट पुरे होते काय, त्याला कष्ट व वेळ किती लागतो आणि वापरणाऱ्याला समाधान वाटते काय, या तीन गोष्टींना मिळून वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली केलेली व्याख्या साधारण अशीच आहे.

शिकवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हा विचार फार पूर्वी, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथे १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची संगणक-शिक्षणाची योजना सुरू केली. आरंभी एकाच विद्यार्थ्याची सोय होती. १९७२ साली या योजनेची चौथी आवृत्ती आली आणि पुढे एका मोठ्या संगणकाला दूरध्वनीच्या तारांनी सुमारे एक हजार पडदे जोडले गेले. आज आपण ज्याला ऑनलाइन शिक्षण म्हणतो, त्याचा हा आजोबाच म्हणा ना!

त्या पडद्याची गंमत पाहा. त्यावर ५१२ ओळींत प्रत्येकी ५१२ ठिपके होते आणि ते नारिंगी उजेडात चमकत. एकदा पेटलेला ठिपका विझवीपर्यंत आपोआप पेटलेला राही. त्यामुळे चित्र टिकवून धरण्यासाठी संगणकाला पुन्हापुन्हा श्रम पडत नसत. पडद्यावर बोट ठेवूनही उत्तर देता येई. त्यासाठी त्याचे १६ × १६, म्हणजे २५६ चौकोन कल्पिले होते. चौकोन मोठे असल्यामुळे लहान मुलाचे बोटही चुकत नसे. बोटाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते, हे आजच्या मोबाइलवर तांदळाएवढ्या कळा मांडणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. प्लेटोच्या कळफलकावर ‘पुढे’, ‘मागे’ आणि ‘मदत’ अशा स्वतंत्र कळा होत्या. धडा कोणत्याही विषयाचा असो, या कळांचे काम तेच राही. एका विषयात शिकलेली वाट दुसऱ्यात उपयोगी पडे.

पण माझ्या मते त्या लोकांनी सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली ती वेळेच्या बाबतीत. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ लागावा, असा त्यांचा कटाक्ष होता. तारांतून येणारा माहितीचा प्रवाह सेकंदाला अवघा १,२०० बिट, म्हणजे आजच्या मानाने नगण्य! तरीही हे कसे साधले? विद्यार्थी काम करीत असलेले धडे हळू चालणाऱ्या चकतीवर न ठेवता ते एका मोठ्या जलद स्मृतीत तयार ठेवत, हे त्याचे मुख्य कारण. आणि एवढा आटापिटा कशासाठी? सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले, तर आपल्याला ते आपल्याच हाताने घडल्यासारखे वाटते. सेकंदभर थांबावे लागले, तर थांबल्याचे जाणवते, पण विचार तुटत नाही. दहा सेकंद लोटली की मन खिडकीबाहेर जाते. ‘पाठवा’ दाबल्यावर काही घडले नाही, की मुले ती कळ चारचार वेळा का दाबतात, याचे उत्तर येथे आहे. ‘उत्तर पोचले’ एवढे दोन शब्द उमटले, तरी ती दाबणार नाहीत.

आता मुलांच्या परस्पर संवादाकडे वळू. प्लेटोवर कोणी अडले, तर ते एका सामाईक टिपणवहीत लिहीत; पण तीत कोणीही काहीही खोडू शके आणि कोणी काय लिहिले ते कळत नसे. १९७३ साली डेव्हिड वूली या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिची मांडणी बदलली. प्रत्येक टिपणावर लिहिणाराची खूण, तारीख व वेळ आपोआप पडू लागली आणि प्रश्नाखाली त्याचीच उत्तरे ओळीने दिसू लागली. बदल साधाच, पण विचारलेले हरवणार नाही आणि उत्तर सापडेल, अशी खात्री त्यामुळे मिळाली. ही सोय इतकी वापरली जाऊ लागली, की १९७६ मध्ये वेगवेगळ्या गटांना स्वतःच्या टिपणवह्या उघडता येऊ लागल्या. त्याच १९७३ साली डग ब्राउन यांनी पाच जणांना एकाच वेळी बोलता येईल असा पडदा तयार केला. त्यावर दुसऱ्याचे वाक्य अक्षराअक्षराने उमटताना दिसे. मुले बुजरी असतात म्हणून प्रश्न विचारत नाहीत, असे आपण म्हणतो. ते काही अंशी खरे असेलही, पण प्रश्न विचारायची जागा चार पडद्यांच्या आड दडवली असेल, तर धीट मुलेही गप्प बसतील.

मग प्लेटोवर मुले जास्त शिकली काय? १९७७ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या अमेरिकन संस्थेने महाविद्यालयांतील प्लेटोच्या वापराचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना ही पद्धत आवडली होती, परंतु त्यांच्या परीक्षेतील यशात सर्वत्र सारखी वाढ आढळली नाही. समाधान म्हणजे ज्ञान नव्हे. वापरसुलभता वाटेतला दगड दूर करते; चालायचे ते आपणच, आणि धडाही मुळात चांगला असावा लागतो.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि असंख्य मुलांचा वर्ग मोबाइलच्या पडद्यात मावला. त्यापूर्वीच ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांत क्यू आर कोडचे चौकोन छापले जाऊ लागले होते. ‘दीक्षा’ ॲपमधून तो चौकोन टिपला, की त्या पाठाशी संबंधित साहित्य समोर येते. इयत्ता-विषय-प्रकरण ही शोधाशोध एका हालचालीत वाचते. ही चांगल्या मांडणीची खूण!

मराठी मुलांची एक अडचण मात्र प्लेटोला ठाऊक नव्हती. समजा, उत्तर बारा आहे आणि तुम्ही ते मराठी अंकांत ‘१२’ असे लिहिले. तुमच्या दृष्टीने ते बरोबरच; पण संगणकाच्या लेखी इंग्रजी एक या चिन्हाचा क्रमांक ४९ आणि मराठी ‘१’ चा २४०७! दोन्ही एकच समजावेत असे कार्यक्रम लिहिणाऱ्याने सांगितले नसेल, तर यंत्र ‘चूक’ असा शेरा देऊन मोकळे होते. आता विचार करा, सातवीतला मुलगा तो शेरा वाचून काय समजेल? यंत्र चुकले असे त्याला वाटणार नाही. आपल्याला गणित येत नाही, असे त्याला वाटेल. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात हेच दाखविले आहे: वस्तूची मांडणी सदोष असली, तरी माणसे दोष स्वतःकडे घेतात.

तुमच्या वर्गात वापरात असलेले एखादे ॲप तुम्हालाच तपासता येईल. त्यासाठी किती मित्र हवेत? एखादी अडचण एका माणसाला आढळण्याची शक्यता ०·३१ धरली, तर ती पाचांपैकी एकालाही न आढळण्याची शक्यता (०·६९)⁵, म्हणजे सुमारे ०·१६ येते. म्हणून पाच जणांत सुमारे ८४ टक्के अडचणी उघड्या पडतात. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ साली हे गणित मांडले. शक्यता कमी असेल, तर अर्थात माणसे जास्त लागतील. ०·१ धरून तुम्हीच आकडा काढा.

पाच मित्रांना एकेक करून बसवा. ‘कालच्या धड्यातला तिसरा प्रश्न सोडवून पाठव’ असे एकच काम द्या आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. तुम्ही मागे बसा. मदत करू नका. हे फार अवघड जाते, कारण हात शिवशिवतात. घड्याळ जवळ असू द्या. आणि वहीत ‘त्याला जमले नाही’ असे लिहू नका. कोणत्या पडद्यावर, काय शोधताना, किती सेकंद तो थांबला, ते लिहा आणि तो कागद बाईंकडे द्या.