भयपटाचा दुसरा भाग कसा उभा राहतो? : ‘एलियन्स’ (१९८६) – एक अभ्यास

प्रास्ताविक

जयपूरच्या मालवीय नगरातील मल्टिप्लेक्स असो वा साताऱ्यातील एकपडदा चित्रपटगृह, दुसऱ्या भागाचे तिकीट काढणारा प्रेक्षक पहिल्या भागाची आठवण बरोबर घेऊनच आत जातो. त्याला तोच अनुभव पुन्हा हवा असतो आणि काहीतरी नवेही हवे असते. भयपटात ही अडचण अधिक मोठी आहे. भीती अज्ञातातून येते, आणि जे एकदा पाहिले ते अज्ञात राहत नाही. मग दुसरा भाग घाबरवणार कसा? या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर म्हणून जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘एलियन्स’ या चित्रपटाचा आपण येथे विचार करणार आहोत.

१. पहिल्या भागाने काय केले होते?

रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ १९७९ मध्ये आला. मालवाहू अंतराळयानावर सात कर्मचारी आणि त्यांच्यात शिरलेला एकच परग्रहावरील जीव, एवढीच त्याची कथा. एच. आर. गीगर यांनी कल्पिलेला हा जीव पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. “हे काय आहे?” हा प्रश्न प्रेक्षकाला शेवटपर्यंत धरून ठेवतो. अखेरीस रिप्ली ही अधिकारी आणि एक मांजर एवढेच वाचतात.

२. प्रश्नच बदलला

“हे काय आहे?” याचे उत्तर आता प्रेक्षकाला ठाऊक होते. कॅमेरॉन यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांचा प्रश्न आहे : “हे किती आहेत, आणि कोण कोणाला वाचवणार?” शीर्षकातच एकवचनाचे अनेकवचन झाले आहे.

५७ वर्षांच्या कृत्रिम निद्रेनंतर रिप्ली जागी होते. ज्या ग्रहावर तो जीव सापडला तेथे आता माणसांची वसाहत झाली आहे, आणि तिच्याशी संपर्क तुटला आहे. सैनिकांच्या तुकडीबरोबर रिप्लीही तेथे जाते. भयपटाला अशा रीतीने युद्धपटाची जोड मिळते. तरीही जिवंत, पूर्ण वाढलेले जीव समोर येण्यास सुमारे तासभर लागतो. तोवर रिकाम्या खोल्या आणि मोडक्या भिंतीच दिसतात. पहिल्या भागाकडून घेतलेला हा संयम महत्त्वाचा आहे.

३. शस्त्रे असूनही भीती का वाटते?

हातात बंदूक असलेल्या माणसाबद्दल आपल्याला सहसा भीती वाटत नाही. म्हणून पटकथा सैनिकांचा आधार एकेक करून काढून घेते. जिवांचे घरटे वसाहतीच्या ऊर्जाकेंद्राच्या शीतकरण यंत्रणेखाली आहे. तेथे गोळीबार केला तर स्फोटाचा धोका, म्हणून ऐन वेळी काडतुसे परत घेतली जातात. अधिकारी अननुभवी आहे. परतीचे विमानही कोसळते. अद्ययावत सैन्य साध्या पण चिवट शत्रूपुढे हतबल होते, ही कल्पना व्हिएतनाम युद्धावरून घेतल्याचे कॅमेरॉन यांनी सांगितले आहे.

हालचाल टिपणारे उपकरण हे याचे चांगले उदाहरण आहे. ते शत्रू दाखवत नाही. फक्त अंतर सांगते आणि आवाज करते. एका प्रसंगी उपकरण सांगते की शत्रू खोलीच्या आत आला आहे, पण खोलीत कोणीच दिसत नाही. तो छताच्या वर असतो. माहिती आहे, दर्शन नाही : भीती या दोहोंमधील फटीत राहते.

४. आईसमोर आई

वसाहतीत न्यूट ही एकच मुलगी जिवंत सापडते. रिप्लीची स्वतःची मुलगी या ५७ वर्षांत म्हातारी होऊन वारल्याचा प्रसंग १९८६ च्या आवृत्तीतून वगळला होता. पुढे विस्तारित आवृत्तीत तो परत आला. तो पाहिल्यावर न्यूटसाठी रिप्ली घरट्यात परत का जाते हे अधिक स्पष्ट होते. समोर अंडी घालणारी राणी आहे, म्हणजे तीही आईच. या दोघींच्या मध्ये कंपनीचा प्रतिनिधी बर्क उभा आहे. त्याला या जिवांत फक्त नफा दिसतो, आणि त्यासाठी तो माणसांचा बळी द्यायला तयार होतो. चित्रपटाची नैतिक बाजू येथे आहे.

५. थोड्या साधनांतून

चित्रीकरण इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत आणि लंडनच्या एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात झाले. जिवांचे मोजकेच पोशाख होते. अंधार, धूर आणि संकलन यांच्या साहाय्याने त्यांचा थवा भासवला. निद्राकक्षांची संख्या आरसा लावून वाढवली. स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने सुमारे १४ फूट उंचीची राणी बनवली. तिच्या आत दोन माणसे बसून हात हलवत असत. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने मिळाली, त्यांत रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हर यांचेही एक होते. दृश्य परिणाम आणि ध्वनिपरिणाम संकलन यांसाठी दोन पुरस्कार मिळाले.

६. मराठीतील एक उदाहरण

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला आणि ‘झपाटलेला २’ २०१३ मध्ये, त्रिमितीत. हा विज्ञानपट नाही, भय-विनोदी चित्रपट आहे; पण अडचण तीच. तात्या विंचू आता सर्वांच्या ओळखीचा झाला होता. बाहुला कायम राहिला, पण नायक म्हणून लक्ष्याचा मुलगा आला. म्हणजे येथे पिढी आणि तंत्र बदलले, कथेचा प्रकार तोच राहिला. ‘एलियन्स’ने नायिका कायम ठेवून प्रकारच बदलला. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि विन्स्टन यांची राणी यांत मात्र एक साम्य आहे : दोन्हींना हालचाल माणसाच्या हातांनी दिली.

७. एक मर्यादा

या बदलाची किंमतही आहे. पहिल्या भागात एक जीव जवळजवळ अजिंक्य होता. दुसऱ्यात तो गोळीने मरतो. संख्या वाढली, पण एकेका जिवाचा दरारा कमी झाला. राणीची योजना ही उणीव भरून काढण्यासाठीच आहे, असे म्हणता येईल.

सारांश

चांगला दुसरा भाग पहिल्याचे उत्तर पुन्हा सांगत नाही. त्या उत्तरातून नवा प्रश्न काढतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. शत्रू न दाखवता भीती निर्माण करणारा एक प्रसंग निवडून त्यातील ध्वनीचे कार्य स्पष्ट करा.
२. आपल्या भाषेतील एखाद्या चित्रपटाचा दुसरा भाग घ्या. त्यात काय कायम ठेवले, काय बदलले आणि त्याने काय गमावले, ते लिहा.