बीडचा पाऊस, लंडनचा पाऊस

वर्षभराचा पाऊस मोजला तर बीड जिल्हा लंडनपेक्षा कमी भिजत नाही. लंडनची सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या बीडची त्याहून थोडी जास्तच. तरी टँकरची वाट पाहतात ते बीडच्या आष्टी-पाटोदा तालुक्यांत. म्हणून दुष्काळाचं खापर निव्वळ कमी पावसावर फोडणं मला पटत नाही. लंडनचा पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. आपला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वाफ होऊन पाणी उडतं. शिवाय इथल्या बालाघाटाच्या डोंगरावरच्या विहिरीत वाकून पाहा: वर थोडी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि दगडाच्या भेगा. लंडनखाली मात्र सच्छिद्र चुनखडकाचा जाड थर आहे.

मग निसर्गानंच मारलं, इलाज काय, असं कोणी म्हणेल. पण याच निसर्गात ज्वारी, बाजरी, तूर पिकत आली. आता वर्षभर पाणी मागणारा ऊस याच खडकावर उभा राहतो, आणि इथलीच माणसं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात. पाझर तलाव, नालाबांध हवेतच. पण त्यांत अडलेलं पाणी उसालाच गेलं, तर उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरी पुन्हा तळ गाठणार.