घरच्या घरी स्पॅनिश

आपल्या निवासी विद्यालयात दाखल झालो तेव्हा आम्ही तिघे वर्गमित्र तीन बोली घेऊन आलो होतो : एकाची अहिराणी, एकाची वऱ्हाडी, एकाची मराठवाड्याकडची. व्याकरणाचे पुस्तक हाती येण्याआधीच नळावर, पंगतीत आणि रात्रीच्या अभ्यासिकेत एकमेकांचे ऐकत आमची प्रमाण मराठी घडली. पुढे पुण्यात एका खोलीत राहताना आम्ही स्पॅनिश शिकलो, तीही बव्हंशी याच रीतीने. ती रीत माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना उपयोगी पडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्पॅनिशच का? आमच्यापैकी एकाच्या कामाचा संबंध मेक्सिकोतील ग्राहकांशी येत असे, आणि शिकवणीची फी तिघांनाही परवडणारी नव्हती. भाषा मात्र लहान नाही. वीस स्वतंत्र देशांचा कारभार तीत चालतो, सुमारे पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत तिची गणना होते.

पहिले काही महिने आम्ही वाया घालवले, हे प्रथम सांगितले पाहिजे. भिंतीवर क्रियापदांचे तक्ते लावले आणि दिवसभर स्पॅनिश रेडिओ चालू ठेवला. तक्ते पाठ झाले, पण बोलता एक वाक्य येईना. रेडिओ तर पंख्याच्या आवाजासारखा कानाआड जाऊ लागला. भाषा नुसती कानावर पडून येत नाही. जे ऐकतो त्याचा बराचसा अर्थ लागत असेल आणि थोडेच नवे असेल, तरच ती आत उतरते. अमेरिकेतील भाषाभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी हाच विचार आग्रहाने मांडला आहे. तेव्हा आम्ही रेडिओ बंद करून लहान मुलांच्या गोष्टींकडे वळलो. मोठ्या माणसांना यात कमीपणा वाटतो, आम्हांलाही वाटला. स्पेनच्या सार्वजनिक रेडिओवरील दुपारी दोनच्या बातम्या पुष्कळ नंतर समजू लागल्या. त्या वेळी आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे कामावरून परतण्याची वेळ.

खरी शाळा भरली ती स्वयंपाकघरात. तांदळाच्या डब्यावर ‘आरोस’, कांद्यांच्या टोपलीवर ‘सेबोया’, लसणीवर ‘आखो’ अशा चिठ्ठ्या लावल्या. मग स्पेनमधील मसुराच्या आमटीची कृती शोधली. मसुराला तिकडे ‘लेन्तेखास’ म्हणतात. कृतीत ‘रेमोवेर’ असा शब्द आला. इंग्रजीच्या आधाराने आम्ही ‘काढून टाकणे’ असा अर्थ घेतला आणि अर्धवट शिजलेले पातेले चुलीवरून उतरवले. ‘रेमोवेर’ म्हणजे ढवळणे! त्या रात्री कच्चे मसूर खाल्ले, पण तो शब्द आजन्म विसरणार नाही. इंग्रजीसारखे दिसणारे असे फसवे शब्द स्पॅनिशमध्ये बरेच आहेत. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट नव्हे, तर यश.

याच चुलीपाशी आमच्या ध्यानात आले, की अनेक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीच अधिक कामी येते. ‘मला भात आवडतो’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल आरोस’ म्हणतात. शब्दशः मांडणी ‘मला आवडतो भात’ अशी. मसूर अनेकवचनी, म्हणून ‘मे गुस्तान लास लेन्तेखास’ : मला आवडतात मसूर. क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे न बदलता आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, जसे आपल्याकडे. इंग्रजीतून शिकणारा येथे अडखळतो. आम्हांस काही शिकावेच लागले नाही. दुसरे उदाहरण याहून नवलाचे. आपण ‘घर पाहतो’ म्हणतो, पण ‘मारियाला पाहतो’. माणूस आला की ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्येही ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ मारिया’. तो ‘आ’ म्हणजे जवळजवळ आपला ‘ला’च. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’सारखे वेगळे रूप तेथेही लागते आणि ‘येतो’, ‘जातो’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो तसे तेही गाळतात. उच्चारातही क, त, प आपल्यासारखेच, श्वासाचा झोत न सोडता.

सगळेच सोपे आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या एका ‘असणे’साठी त्यांची दोन क्रियापदे आहेत. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. ही चूक समोरच्याला झोंबू शकते. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, आणि ‘र’ जोराने घोळवला की कुत्रा. आणि ‘तीस दिवसांत स्पॅनिश’ असल्या जाहिरातींवर पालकांनी विसंबू नये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी भाषक शिकाऊंना या भाषेसाठी पूर्ण वेळ २४ ते ३० आठवडे दिले जातात. आम्हांस नोकरी सांभाळून तीन वर्षे लागली.

बोलण्याचे धाडस सर्वांत उशिरा झाले, आणि त्याचे कारण स्पॅनिशमध्ये नव्हते. विद्यालयातून बाहेर पडल्यावर एका महाविद्यालयात आमच्यातला एकजण ‘पानी’ म्हणाला आणि वर्ग हसला. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून गाव, घर आणि त्यापुढचेही बरेच काही ओळखले जाते, हे वाचकांस सांगायला नको. तेव्हापासून अनोळखी माणसांपुढे तोंड उघडताना आम्ही आधी शब्द तपासू लागलो. ही सवय भाषा शिकणाऱ्याला फार महागात पडते, कारण चुकत बोलल्यावाचून भाषा येत नाही.

संगणकावरून मेक्सिकोच्या एका गृहस्थांशी आठवड्यातून एकदा बोलू लागलो. अर्धा तास त्यांची इंग्रजी, अर्धा तास आमची स्पॅनिश. एकदा आम्ही त्यांना विचारले, माद्रिदचे लोक ‘सापातो’ या शब्दाची सुरुवात ‘थ’सारख्या ध्वनीने करतात आणि तुम्ही ‘स’ने, मग बरोबर कोणाचे? त्यांना प्रश्नच कळला नाही. दोन्ही बरोबर. लॅटिन अमेरिका आणि दक्षिण स्पेनचा बराच भाग ‘स’ म्हणतो, आणि १७१३ मध्ये स्थापन झालेली स्पेनची भाषा अकादमीही तो उच्चार मान्य करते. त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. स्पॅनिश बोलताना आमचा उच्चार आमचे घर सांगत नव्हता. फार तर, हा भारतातला आहे, एवढेच.

प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांसाठी इन्स्तितुतो सेर्वान्तेसची ‘देले’ ही परीक्षा ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांवर असते. या संस्थेचे केंद्र दिल्लीत आहे. तिची तयारी करताना व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडावेच लागते, पण आता त्यातली वाक्ये ओळखीची निघतात.

खोलीतल्या चिठ्ठ्या अजून आहेत. फक्त माठाला शब्द सापडत नव्हता. शेवटी कळले, की स्पेनमध्येही पाणी गार ठेवणारे मातीचे भांडे असते. पाणी त्याच्या छिद्रांतून पाझरते, वाऱ्याने सुकते आणि आतले गार होते. त्याला ‘बोतिखो’ म्हणतात. त्याला वर कडी आणि बाजूला तोटी असते. आमच्या माठाला दोन्ही नाहीत, तरी चिठ्ठी तीच लावली आहे.